हलक्या विमानाचे लहान इंजिन

स्कूटर चालू होईनाशी झाली की तिचा मालक तिला एका बाजूस कलती करी, क्षणभर तशीच धरी, पुन्हा सरळ उभी करी आणि मग किक मारी. महाराष्ट्रातील असंख्य घरांच्या अंगणांत, आणि महाराष्ट्राबाहेर रायपूर, इंदूर, बडोदे अशा शहरांतील मराठी वस्त्यांतही, हा सकाळचा विधी अनेक वर्षे चालत आला. पुण्याजवळ आकुर्डीला तयार होणारी बजाजची स्कूटर, १९७२ साली निघालेली तिची ‘चेतक’ ही जात, किंवा सातारच्या कारखान्यातील ‘प्रिया’ ही त्या काळच्या मध्यमवर्गाची वाहने. पेट्रोलपंपावर पेट्रोलाबरोबर मापाने तेल मिसळून घ्यावयाचे, मागे निळसर धूर सोडीत जावयाचे, आणि अधूनमधून प्लग काढून, घासून, पुन्हा बसवावयाचा, एवढे शास्त्र त्या वाहनाच्या प्रत्येक धन्याला पाठ असे. त्या स्कूटरच्या पोटातील इंजिनाला कारागीर ‘टू-स्ट्रोक’ म्हणत. मराठीत त्याला ‘दोन धावांचे इंजिन’ म्हणता येईल.

याच इंजिनाच्या भाईबंदांनी सामान्य माणसाला आकाशात नेले, ही गोष्ट मात्र स्कूटरवर बसणाऱ्यांपैकी थोड्यांनाच ठाऊक असेल. अतिहलकी विमाने, ज्यांना ‘मायक्रोलाइट’ किंवा ‘अल्ट्रालाइट’ म्हणतात, आणि स्वतःच्या बळावर वर चढणारी मोटर-ग्लायडरे यांचा जन्म व विस्तार बहुतांशी या लहानशा इंजिनामुळे झाला. ज्या गुणामुळे हे इंजिन आकाशात पोचले, त्याच गुणाच्या पोटात त्याचा दोष दडलेला आहे. तो दोष ओळखून उडणारे सुखरूप परतले, आणि ज्यांनी त्याकडे डोळेझाक केली त्यांतल्या काहींना प्राणाचे मोल द्यावे लागले. तेव्हा हा विषय केवळ यंत्राचा नाही. यंत्रावर किती विसंबावे, या जुन्या प्रश्नाचा तो एक नमुना आहे.

प्रथम यंत्राचे अंतरंग पाहू. मोटारीच्या नेहमीच्या इंजिनात दट्ट्याच्या चार धावांत एक काम पुरे होते. पहिल्या धावेत पेट्रोल आणि हवा यांचे मिश्रण आत घ्यावयाचे, दुसऱ्या धावेत ते दाबावयाचे, तिसऱ्या धावेत ठिणगी पडून ते जळावयाचे व त्याच्या जोराने दट्ट्या खाली ढकलला जावयाचा, आणि चौथ्या धावेत जळका वायू बाहेर टाकावयाचा. म्हणजे मुख्य दांड्याचे दोन फेरे होतात तेव्हा शक्ती एकदाच मिळते. शिवाय वायूला योग्य वेळी आत-बाहेर सोडण्यासाठी झडपा, त्या उघडणारे दांडे, स्प्रिंगा आणि त्यांना चालविणारी चक्रे असा मोठा संसार लागतो. वंगणाच्या तेलासाठी खाली स्वतंत्र टाकी आणि ते खेळविणारा पंप लागतो, तो वेगळाच.

दोन धावांच्या इंजिनात हा संसार नाही. इंग्लंडमधील बाथ येथील जोसेफ डे याने १८९१ च्या सुमारास जी युक्ती सिद्ध केली, ती अशी की दट्ट्यानेच द्वारपालाचे काम करावे. सिलिंडरच्या भिंतीत भोके ठेवलेली असतात. दट्ट्या वरखाली जाताना ती आपोआप उघडतात व झाकली जातात. दट्ट्या वर चढत असता वरच्या बाजूस मिश्रण दाबले जाते, आणि त्याच वेळी त्याच्या खालच्या बंदिस्त पेटीत ताजे मिश्रण ओढले जाते. ठिणगी पडून तो खाली आला की प्रथम जळका वायू बाहेर पडण्याचे भोक उघडते, पाठोपाठ दुसरे भोक उघडून पेटीतील ताजे मिश्रण वर धावते आणि उरलासुरला धूर पुढे रेटते. अशा रीतीने दांड्याच्या प्रत्येक फेऱ्यास एकदा शक्ती मिळते. झडपा नाहीत, त्यांचे दांडे नाहीत, तेलाची टाकी नाही. खालची पेटी मिश्रणाच्या वाटेवरच असल्यामुळे तीत तेल साठविता येत नाही. म्हणून तेल पेट्रोलातच मिसळावयाचे, साधारणपणे पन्नास भाग पेट्रोलास एक भाग तेल, आणि तेच जाता जाता सर्व भागांना वंगण देते.

या साधेपणाचा लाभ आकड्यांत पाहावा. १९०३ साली राइट बंधूंनी आपल्या विमानावर चढविलेले चार सिलिंडरांचे इंजिन सुमारे ८० किलो वजनाचे होते आणि त्याची शक्ती अवघी १२ अश्वशक्ती. पुढे ऑस्ट्रियातील रोटॅक्स कंपनीचे ४४७ नावाचे दोन धावांचे इंजिन आले. त्याचे दोन सिलिंडर मिळून ४३७ घनसेंटीमीटर भरत, म्हणजे तीन ‘चेतक’ स्कूटरींच्या इंजिनांएवढे, आणि ते ४० अश्वशक्ती देई. धुराडे, दंतचक्रे धरूनसुद्धा त्याचे वजन राइट बंधूंच्या इंजिनाच्या निम्म्याच्या आसपास. हलक्या विमानाच्या बाबतीत वजनाचा हिशेब सावकारी व्याजासारखा चालतो. इंजिन दहा किलोंनी जड झाले की ते पेलणारा सांगाडा जड होतो, सांगाडा जड झाला की पंख मोठे करावे लागतात, आणि मोठ्या पंखांना पुन्हा अधिक शक्ती हवी. हे चक्र उलटे फिरविण्याचे सामर्थ्य या छोट्या इंजिनात होते.

त्याला आकाशाचा रस्ता मात्र वळणावळणाने सापडला. १९२३ साली इंग्लंडमधील लिम्प येथे हलक्या विमानांची स्पर्धा झाली. तीत ‘रेन’ नावाच्या विमानाने एका गॅलनमध्ये साडेसत्त्याऐंशी मैल अंतर कापले. त्यावर मोटरसायकलीच्या जातीचे ३९८ घनसेंटीमीटरचे इंजिन होते. ते चार धावांचे असले तरी इतक्या थोड्या शक्तीवरही माणूस उडू शकतो, हे त्याने दाखविले. पुढे फ्रान्समधील हेन्री मिन्ये याने स्वतः रचलेले विमान १९३३ साली उडविले, तेव्हा त्यावर ओबिये-दून कंपनीचे ५०० घनसेंटीमीटरचे दोन धावांचे इंजिन होते. ‘उडती पिसू’ या नावाने ओळखले गेलेले हे विमान घरी बांधण्याची लाट युरोपभर उसळली, आणि लवकरच प्राणघातक अपघात होऊ लागल्यामुळे ओसरलीही. न्यायाने सांगावयाचे तर त्या अपघातांचा मुख्य दोष इंजिनाकडे नव्हता. मागच्या-पुढच्या पंखांच्या रचनेमुळे एका विशिष्ट स्थितीत ते विमान नाक वर उचलूच शकत नसे.

पुढची लाट आली ती चाळीस वर्षांनी, अमेरिकेतून. १९७५ च्या मार्च महिन्यात विस्कॉन्सिन राज्यात जॉन मूडी याने खांद्यावर घेऊन धावावयाच्या हँग-ग्लायडरला १२ अश्वशक्तीच्या आसपासचे गो-कार्टचे इंजिन बांधले आणि टेकडीचा आधार न घेता सपाटीवरून तो हवेत चढला. हँग-ग्लायडरला डोंगरकडा लागतो आणि सपाट मुलखातील माणसाला तो लाभत नाही. त्या माणसाला या इंजिनाने डोंगर मिळवून दिला. थोड्याच वर्षांत करवती, गो-कार्ट आणि बर्फावर धावणाऱ्या गाड्या यांची दोन धावांची इंजिने विमानांवर चढू लागली. रोटॅक्सची इंजिनेही मूळची बर्फावरच्या गाड्यांचीच. इंग्लंडमध्ये डेव्हिड कुक याने १९७८ साली इंजिन लावलेल्या हँग-ग्लायडरातून इंग्लिश खाडी ओलांडली, आणि पुढे त्यानेच ‘शॅडो’ नावाचे दोन आसनांचे, मागे पंखा असलेले अतिहलके विमान रचले.

हे ‘शॅडो’ विमान भारतीय श्रोत्यांच्या परिचयाचे असावयास हवे, कारण त्याच जातीच्या विमानातून रेमंड उद्योगसमूहाचे तत्कालीन अध्यक्ष विजयपत सिंघानिया १९८८ साली लंडनजवळील बिगिन हिल येथून एकट्याने दिल्लीस आले. १८ ऑगस्टला ते निघाले व १० सप्टेंबरला पोचले. एवढ्या काळात प्रत्यक्ष उड्डाण सुमारे ८८ तासांचे झाले. त्यांच्या पाठीमागे गरजणारे इंजिन दोन धावांचे होते. त्याचे श्रम किती, ते हिशेबाने पाहण्यासारखे आहे. मिनिटास साडेपाच हजार फेरे धरले, तर प्रत्येक सिलिंडरात सेकंदाला नव्वदाहून अधिक स्फोट होतात, आणि ८८ तासांत त्यांची संख्या तीन कोटींच्या घरात जाते. समुद्र आणि वाळवंट यांवरून जाताना यांतील काही शेकडा सलग चुकले असते, तरी कथा वेगळी झाली असती. त्याआधी ईव्ह जॅक्सन या इंग्रज महिलेने असेच विमान घेऊन १९८६-८७ मध्ये पंधरा महिन्यांत इंग्लंडहून सिडनीपर्यंतचा पल्ला गाठला होता. तेव्हा हे इंजिन मुळातच बेभरवशाचे आहे, असे म्हणणे अन्यायाचे होईल. काळजी घेणाऱ्याशी ते इमानाने वागते. काळजी कोणती घ्यावयाची, हा खरा प्रश्न आहे.

रस्त्यावर स्कूटर बंद पडली तर माणूस तिला ढकलीत कडेला नेतो. आकाशाला कडा नाही. म्हणून जमिनीवर जो दोष कुरकुरीपुरता असतो, तो वर गेल्यावर जीवनमरणाचा होतो. या इंजिनाचे दोष त्याच्या गुणांतूनच कसे उपजतात, हे एकेक करून पाहता येईल.

पहिली गोष्ट तेलाची. तेल पेट्रोलाबरोबर येते, म्हणजे पेट्रोल कमी झाले की तेलही कमी होते. उंचावरून उतरताना वैमानिक पेट्रोलाची कळ मिटून घेतो, पण विमान वेगाने खाली येत असल्यामुळे वाऱ्याच्या जोराने पंखा फिरत राहतो आणि इंजिनाचे फेरे पुरेसे घटत नाहीत. फेरे पुष्कळ आणि तेल अल्प, अशी ही अवस्था. लांबवर अशी उतरण केली तर वंगणावाचून दट्ट्या ओरखडतो. म्हणून जाणते वैमानिक उतरताना मधून मधून कळ थोडी उघडून इंजिनाला घोटभर तेल पाजतात.

दुसरी गोष्ट उष्णतेची. दट्ट्या ॲल्युमिनियमचा असतो व तापला की झपाट्याने फुगतो. त्याच्या प्रत्येक खाली येण्याबरोबर जाळ असल्यामुळे त्याला निवण्यास उसंत मिळत नाही. थंड इंजिनावर एकदम पूर्ण जोर दिला, तर भोवतालचे सिलिंडर तापून रुंदावण्यापूर्वीच दट्ट्या फुगतो आणि घट्ट आवळला जातो. कारागिरांच्या भाषेत इंजिन ‘सीझ’ होते, आणि एका क्षणात पंखा जागच्या जागी थांबतो. म्हणून उड्डाणापूर्वी इंजिन काही मिनिटे मंद चालवून तापविणे हा उपचार नव्हे, ती अट आहे.

तिसरी गोष्ट मिश्रणाच्या प्रमाणाची, आणि येथे छत्तीसगडच्या हवेचा संबंध येतो. रायपुरात मे महिन्यात पारा ४४ अंशांच्या आसपास जातो. हवा तापली की विरळ होते. तेवढ्याच आकाराच्या सिलिंडरात कमी हवा शिरते आणि शक्ती घटते. पंखांखालीही विरळ हवाच असल्यामुळे उचल कमी मिळते. म्हणजे उन्हाळ्याच्या दुपारी विमान धावपट्टीवर अधिक लांब धावते आणि सावकाश चढते. हे संकट निदान डोळ्यांना दिसते. त्याहून फसवे संकट हिवाळ्याचे. जानेवारीच्या सकाळी हवा १२ अंशांवर येते. ती मे महिन्यातील दुपारच्या हवेहून सुमारे एक-दशांशाने अधिक दाट असते. उन्हाळ्यात बसविलेला कार्बुरेटरचा काटा तसाच ठेवला, तर आत हवा जास्त आणि पेट्रोल त्या मानाने कमी जाते. अशा रोड मिश्रणात इंजिन सुरेख, चपळ वाजते, वैमानिकाला वाटते की आज यंत्र खुशीत आहे, आणि नेमके तेव्हा ते आतून भाजून निघत असते. पेट्रोल कमी म्हणजे तेलही कमी, हे पुन्हा आहेच. धुराच्या नळीतील उष्णता आणि सिलिंडरच्या माथ्याची उष्णता दाखविणारे दोन काटे हलक्या विमानाच्या फळीवर बसविलेले असतात, ते यासाठी. कानांना गोड लागणारे इंजिन काट्यावर लाल झालेले असू शकते.

चौथी गोष्ट काजळीची. तेल जाळावयाचेच ठरल्यावर राख आणि काजळी अटळ आहे. ती प्लगच्या टोकांत साचून ठिणगी मारते, दट्ट्याच्या कड्यांत बसून त्यांना चिकटविते, आणि धुराच्या भोकाशी थर धरून वाट अरुंद करते. त्यामुळे या इंजिनाला ठरावीक तासांनी उघडून साफ करावे लागते. रोटॅक्सच्या हवेने थंड होणाऱ्या इंजिनांचे आयुष्य एका मोठ्या दुरुस्तीपासून दुसऱ्या दुरुस्तीपर्यंत ३०० तासांचे मानले जात असे. इंजिने करणारे स्वतःच आपल्या पुस्तिकेत बजावीत आले आहेत की हे इंजिन केव्हाही अवचित थांबू शकते, आणि जेथे इंजिनावाचून सुखरूप उतरता येणार नाही, तेथे ते घेऊन जाऊ नये. विक्रेत्याने आपल्या मालाबद्दल इतके स्पष्ट बोलावे, असा प्रसंग व्यवहारात विरळाच.

या इशाऱ्याचा अर्थ काय? तो असा की विमान चालविणाऱ्याने इंजिन थांबेल असे समजूनच उडावे. ३०० मीटर उंचीवर असताना इंजिन बंद पडले आणि विमानाची तरंगण्याची शक्ती एकास आठ असली, तर वारा नसताना ते जेमतेम २४०० मीटर जाते. समोरून वारा असेल तर त्याहून कमी. एवढ्या अंतराच्या वर्तुळात उतरण्याजोगे रान आहे की नाही, हे वैमानिकाने प्रत्येक मिनिटास मनाशी ठरवून ठेवावे लागते. छत्तीसगडच्या मैदानाला भाताचे कोठार म्हणतात, पण उतरणाऱ्या विमानाला भाताचे खाचर सोयीचे नाही. पावसाळ्यात तेथे चिखल असतो, आणि कापणीनंतर जमीन टणक झाली तरी हाताहाताच्या अंतरावर बांध आडवे येतात. त्यापेक्षा दगडगोटे टाळून भाठा जमिनीचा मोकळा माळ शोधावा. हे सारे इंजिन चालू असताना, डोके शांत असताना ठरावयास हवे.

सर्वांत कठीण क्षण उड्डाणानंतरच्या पहिल्या मिनिटात असतो. विमान झाडांच्या शेंड्यांइतके चढले आहे, मागे धावपट्टी आहे, आणि इंजिन थांबते. हलक्या विमानाला वजन थोडे आणि वाऱ्याचा अडथळा फार, त्यामुळे ओढ संपताच त्याचा वेग क्षणात गळून जातो. नाक तत्काळ खाली करून समोर जे मिळेल तेथे उतरणे हाच बहुधा तरणोपाय असतो. पण माणसाचे मन मागच्या ओळखीच्या धावपट्टीकडे ओढ घेते. वळताना वेग आणखी घटतो, एका बाजूचा पंख आधार सोडतो, आणि सावरण्याइतकी उंची खाली उरलेली नसते. इंजिनाने दगा दिल्याने जेवढी माणसे दगावत नाहीत, तेवढी या परत वळण्याच्या मोहाने दगावतात, असे उड्डाण शिकविणारे पुनःपुन्हा सांगत आले आहेत. जे मोडले ते यंत्र, त्यावर विमान गमावले तरी चालेल, माणूस वाचला पाहिजे, हा निर्णय जमिनीवर असतानाच पक्का व्हावा लागतो.

येथे ग्लायडरच्या विद्येचे महत्त्व कळते. राइट बंधूंनी १९०० ते १९०२ अशी तीन वर्षे इंजिनावाचून तरंगण्याचा अभ्यास केला आणि मगच १९०३ साली इंजिन बसविले. पंखांचे शिक्षण आधी, यंत्राचे नंतर, हा क्रम त्यांनी घालून दिला. आपल्याकडेही पुण्याजवळ हडपसरच्या ग्लायडिंग केंद्रात अनेक दशके हाच क्रम शिकविला गेला. विंचेच्या दोराने ग्लायडर ओढून वर सोडावयाचे, दोर सुटला की पुढचे सारे वैमानिकाच्या हाती. दिल्लीतील नागरी विमानवाहतूक खात्याच्या तंत्रकेंद्रात एस. रामामृतम् यांनी रचलेली ‘अश्विनी’ १९५८ मध्ये आणि ‘रोहिणी’ १९६१ मध्ये उडाली. नक्षत्रांची नावे धारण करणाऱ्या या लाकडी विमानांवर तरुणांना उड्डाणाचे धडे मिळाले. ज्याने असे शिक्षण घेतले, त्याला इंजिन थांबल्यावर होणारी शांतता भयंकर वाटत नाही. ती त्याच्या ओळखीची असते. प्रत्येक उतरणे त्याने इंजिनावाचूनच केलेले असते.

मोटर-ग्लायडर हे या दोन विद्यांचे मीलन होय. येथे इंजिनाकडे सोपविलेले काम मर्यादित आहे. त्याने विमानाला जमिनीवरून वर न्यावे, आणि वर चढत्या उष्ण हवेचे झोत सापडले की थांबावे. मग ते पाठीच्या पोकळीत घडी घालून झाकले जाते आणि विमान निर्मळ ग्लायडर बनते. या कामासाठी जर्मनीतील सोलो कंपनीची दोन धावांची इंजिने फार चालली. ही कंपनी शेतकऱ्याच्या पाठीवरचे फवारणीचे पंपही करते. शेतात औषध उडविणाऱ्या यंत्राचा आणि ढगाखाली जाणाऱ्या यंत्राचा असा एकाच घराण्याशी संबंध जुळतो. हडपसरला दोर आणि विंच यांनी जे काम केले, तेच येथे पेट्रोलाचे काही थेंब करतात. परंतु येथेही एक सापळा आहे. खाली येत चाललेला वैमानिक इंजिन बाहेर काढतो आणि ते सुरू झाले नाही, तर उघड्या इंजिनाचा व पंख्याचा अडथळा विमानाची तरंगण्याची शक्ती पार घटवून टाकतो. चाळीसपट अंतर जाणारे विमान त्या अवस्थेत निम्मेसुद्धा जात नाही. म्हणून शहाणा वैमानिक उतरण्याचे शेत आधी निवडतो, त्याच्या माथ्यावर येतो, आणि मगच इंजिनाला हात घालतो. सुरू झाले तर उत्तम, न झाले तर शेत खाली आहेच.

काळाच्या ओघात या इंजिनाची मक्तेदारी ओसरली. १९८९ च्या सुमारास रोटॅक्सने ९१२ नावाचे चार धावांचे इंजिन बाजारात आणले. शक्ती ८० अश्वांची, तेलाची स्वतंत्र सोय, इंधनाचा खर्च कमी, आणि पुढील सुधारणांनंतर मोठ्या दुरुस्तीपर्यंतचे आयुष्य २००० तासांपर्यंत वाढले. वजन आणि किंमत जास्त, तरी शिक्षणाच्या विमानांनी तेच पत्करले. रस्त्यांवरही धुराचे नियम कडक होत गेले आणि पेट्रोलाचा काही भाग न जळताच बाहेर सोडणारी दोन धावांची स्कूटर निघून गेली. ‘चेतक’ हे नाव २०२० साली पुन्हा आले, ते विजेच्या स्कूटरवर.

रायपूरला माना विमानतळावर राष्ट्रीय छात्रसेनेच्या वायुशाखेची तुकडी आहे. २०२५ साली तिने जशपूर जिल्ह्यातील आगडीहच्या धावपट्टीवर छात्रांच्या उड्डाणशिक्षणाचा उपक्रम केला. त्यासाठी वापरलेले ‘व्हायरस’ जातीचे दोन आसनी मायक्रोलाइट या चार धावांच्या इंजिनावर चालते. साल-वनांनी वेढलेल्या प्रदेशातील मुलामुलींच्या हाती विमानाची दांडी देताना शासनाने अधिक भरवशाचे इंजिन निवडावे, हे सर्वथा योग्यच आहे. याच विमानाच्या युरोपीय कारखान्याने विजेवर चालणारे ‘वेलिस’ विमानही केले. २०२० साली युरोपीय विमानसुरक्षा संस्थेने त्याला मान्यता दिली, आणि विजेच्या विमानाला अशी पूर्ण मान्यता मिळण्याची ती पहिलीच वेळ होती. मोटर-ग्लायडरांतही विजेची मोटर शिरकाव करीत आहे, कारण तिला वर जाण्यापुरतीच काही मिनिटांची शक्ती द्यावयाची असते, आणि कळ दाबताच ती सुरू होते. पाठीवर इंजिन बांधून छत्रीखाली उडणाऱ्यांच्या पॅरामोटरवर मात्र अजून दोन धावांचे इंजिनच टिकून आहे. माणसाने पाठीवर घेऊन धावावयाचे म्हटल्यावर हलकेपणाला पर्याय सहज सापडत नाही.

या इंजिनाचे ऋण मान्य केले पाहिजे. विमान ही राजांची, सैन्याची आणि धनिकांची वस्तू असताना त्याने ती कारागिराच्या छपरीत आणून ठेवली. पण त्याने दिलेली शिकवण त्याच्या उपकारापेक्षा मोठी आहे. आगडीहच्या धावपट्टीवर उभ्या असलेल्या छात्राच्या विमानात आज जे इंजिन आहे, ते क्वचितच थांबेल. क्वचित थांबणाऱ्या यंत्राचा धोका हा की, ते थांबेल याचा माणसाला विसर पडतो. दोन धावांच्या इंजिनाने हा विसर कधी पडू दिला नाही. त्याच्यावर उडणारा प्रत्येक जण खालची शेते पाहत उडे, वारा कोठून वाहतो ते धुरावरून ताडी, आणि आपला खरा आधार पाठीमागच्या आवाजावर नसून दोहों बाजूंच्या पंखांवर आहे हे जाणून असे. इंजिन चार धावांचे असो की विजेचे, नव्या वैमानिकाने ही सवय मात्र जुन्या पिढीकडून मागून घ्यावी.